बाडेन-बाडेनचा रविवारचा बुफे

पुतणी पुढच्या महिन्यात बाडेन-बाडेनला चालली आहे. तिने विचारलं, "काका, तिथे हॉटेलात ब्रंच चांगला कुठे मिळतो?" माझी माहिती साठच्या दशकातली. तरी लिहितो.

तेव्हा मी कार्ल्सरूहेला पीएच.डी. करत होतो. माझी बायको सुमन बोटीने येऊन तीन महिने झाले होते आणि तिचं जेवणच तुटलं होतं. दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. ब्लाउज अंगात सैल झाले होते. शेवटी म्हणाली, "अहो, मला परत पाठवा." सोमवारी बोटीच्या कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. प्रयोगशाळेतून मी इतका पिचून यायचो की समजूत घालायचंही त्राण नव्हतं. एका जर्मन मित्राने सांगितलं, बाडेन-बाडेन या जुगाराच्या गावात मोठी हॉटेलं रविवारी अकरापासून थंड पदार्थांचं लांबलचक टेबल मांडतात, हवं ते आपण घ्यायचं. म्हटलं, एवढ्यातलं एक तरी तिच्या घशाखाली उतरेल.

आगगाडीने अर्धा तास. ओस स्टेशनला उतरून गावात जाणारी छोटी गाडी पकडायची. आता ती बंद झाली आहे, बस घ्या. गाव देखणं आहे म्हणतात. मला चढच आठवतात.

पहिल्या हॉटेलच्या दरवानाने सुमनच्या साडीकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. "फक्त मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी." दुसऱ्यात आत घेतलं, पण टेबलावर सगळं डुकराचं, तेही जेलीत गोठवलेलं.

"अहो, हे थरथरतंय," सुमन म्हणाली. आम्ही बाहेर आलो.

तिसरं हॉटेल कॅसिनोच्या मागच्या गल्लीत होतं. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, माझी आठवड्याची जेवणं झाली असती एवढे जर्मन मार्क दोघांचे मिळून मोजावे लागले. पण माल उत्तम होता: ताजा पाव, चार तऱ्हेचं चीज, काकडी, मुळा, उकडलेली अंडी, चेरी. बटाट्याच्या सॅलडमध्ये डुकराचे तुकडे असतात, विचारून घ्या. सुमनने पाव, चीज, काकडी घेतली आणि सगळं संपवलं. मला हर्ष झाला.

"जा, अजून घेऊन ये."

ती हलली नाही. "भरल्या पंगतीतून उठून स्वतःच वाढून घेऊ? ताटावरून उठलं की जेवण झालं."

"अगं, इथे तशीच पद्धत आहे!" मी वैतागलो. ती रिकाम्या ताटापुढे हात आखडून बसून राहिली. लोक आमच्याकडे बघू लागले.

पांढऱ्या केसांची वाढपी बाई हे पाहत होती. ती पावाची टोपली आणि चीज घेऊन आली आणि तिने न विचारताच सुमनच्या ताटात वाढलं. सुमनने मान हलवून नको म्हटलं. बाई म्हणाली, "हो, हो," आणि आणखी एक तुकडा ठेवला. "लढाईतल्या उपासमारीनंतर मला रिकामं ताट बघवत नाही."

मी ते मराठीत सांगितलं. सुमन खाली मान घालून सगळं जेवली. मग चेरी. नंतर डोळे पुसत मला म्हणाली, "तीन महिन्यांत घरी तुम्ही एकदा तरी म्हणालात, अजून घे म्हणून?"

दुपारी मी मेन्सात जेवायचो, ती खोलीत एकटी. संध्याकाळी ताटाशेजारी प्रयोगाचे कागद उघडून बसायचो. ती काय खाते, किती खाते, मी पाहिलंच नव्हतं. वर जर्मन स्वयंपाकाला नावं ठेवत होतो. फार लाज वाटली. परतीच्या गाडीत ती खांद्यावर डोकं टेकून झोपली आणि मी अवघडून तसाच बसलो.

त्या हॉटेलचं नाव आठवत नाही, पुतणीला तसं कळवलंय. तिथल्या चीजची चवही विसरलो. सोमवारी बोटीच्या कंपनीला पत्र गेलं नाही. मी मेन्सातही गेलो नाही, ट्रामने दुपारी घरी आलो. सुमनने मसूरचं वरण आणि खिरीच्या गोल तांदळाचा भात केला होता. पातेलं मी माझ्याकडे ओढलं. दुसऱ्या वाढीला तिने ताटावर आडवा हात धरला, "पुरे हो, पुरे." मी तिचा हात बाजूला केला आणि वाढलं.