चौकटीवरची रेघ

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत खारेकाकांच्या दाराची चौकट हीच त्यांची वही होती. टाकीत औषध घातलं की खडूने एक रेघ. डाव्या अंगाला सकाळच्या सोड्याची, उजव्या अंगाला संध्याकाळच्या कॅल्शियमची. झोपताना दोन्ही पुसायचे. खारेकाका हे नाव आम्हीच पाडलेलं. खोलीत समुद्र पाळणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

समुद्र म्हणजे खिडकीखालची काचेची टाकी आणि तिच्यातली जिवंत पोवळी. काकू गेल्या त्या वर्षी आणलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जन्म गेलेला माणूस, बाजारची औषधं कशाला घेईल! खाण्याचा सोडा कढईत भाजायचे, रवा भाजावा तसा, शांतपणे. मग सरबताच्या दोन बाटल्यांत दोन पाणी, एकीत सोड्याचं, दुसरीत कॅल्शियमचं. "सुनंदा, या दोघी जावा," मला सांगायचे. "दोघींनाही घरात मान, पण एका वेळी एका चुलीपाशी आणायच्या नाहीत. पाणी नासतं." सिरिंजने मोजून घालायचे. "कमी पडलं तर पोवळी वाट बघतात गं. जास्त झालं तर बघत नाहीत."

एकदा सकाळी डावीकडे दोन रेघा दिसल्या. "काका, आज दोनदा?"

"छे! खडू घसरला असेल."

दुसरी रेघ चांगली ठसठशीत होती. पुढे पुढे ते मलाच विचारायला लागले, "मी जेवलो का गं?" मी हसण्यावारी नेलं. आता ते आधी चौकट बघायचे, मगच बाटलीला हात लावायचे. त्या चौकटीच्या जिवावर टाकी जगत होती, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

दसऱ्याच्या सकाळी सोडा घालून, रेघ ओढून ते झेंडू आणायला गेले. एकट्या माणसाचं दार सणासुदीला ओकंबोकं नको, म्हणून मी अतिशहाणीने ओल्या फडक्याने त्यांची चौकट धुऊन काढली. तोरण बांधलं, दोन्ही अंगांना हळदीकुंकवाची बोटं लावली. काका आले आणि चौकटीकडे बघतच राहिले. "छान केलंस," म्हणाले. हळदीकुंकवावर खडू ओढायला त्यांचा हात धजला नाही. त्या दिवशी मी त्यांना बाटली घेऊन टाकीपाशी जाताना तीनदा पाहिलं. श्रीखंड-पुरीच्या गडबडीत वाटलं, नेहमीचंच चाललंय.

संध्याकाळी मी त्यांना सोनं द्यायला गेले. टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. काका समोर स्टुलावर, हातात सोड्याची रिकामी बाटली. "सुनंदा, आज घातलं का गं मी?"

मी रडतच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सणाला चौकट धुवायचीच असते." चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

चार दिवसांत सगळी पोवळी मेली. महिन्याभराने मुलगी वीणा त्यांना ठाण्याला न्यायला आली. निघताना काका माझ्या दाराशी आले. "येतो गं. सांभाळून राहा." जिना उतरले आणि पाच मिनिटांत पुन्हा वर. "तुझा निरोप घ्यायचा राहिला." घेतला. तिसऱ्यांदा आले तेव्हा वीणा खालच्या पायरीवर तोंड फिरवून उभी होती.

"मी निरोप घेतला का गं?"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला खडू मीच काढला. त्यांच्या देखत माझ्या चौकटीवर जाड रेघ ओढली. "घेतला हं, काका."

त्यांनी रेघेला बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि जिना उतरले. मी बराच वेळ दारात उभी होते. ते परत वर आले नाहीत.