कृपया आवरतं घ्या

राग माझ्या नाकावरच असतो, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. पण त्या दिवशी नगरच्या आमच्या कॉलेजच्या गेटातून आत शिरताना तो जरा जास्तच होता. ज्या कॉलेजनं आम्हाला ढोलकी ठेवायला कधी कोपरा दिला नाही, त्यानंच मला ‘संगीतातील करिअर’ या विषयावर बोलायला बोलावलं होतं. लग्नं, ऑर्केस्ट्रा, पुण्यातली रेकॉर्डिंगं, सगळीकडं ढोलकी वाजवून केस पिकले, तेव्हा कुठं यांना मी आठवलो.

आमच्या वेळी या आवारात खरंखुरं गाणं होतं. मी श्रीगोंद्याकडचा, भजनात वाजवून हात बसलेला. सोबत एक गिटारवाला होता, लहानपणापासून चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा. तिघांनी एकाच वेळी तीन सुरांत गायचं आणि तरी गाणं एकच वाटलं पाहिजे, हे त्यानं आम्हाला शिकवलं. आम्ही त्याला भजनी ठेका शिकवला. तालीम कुठं? तर सायकल स्टँडवर! हॉल मागितला की शिपाई म्हणायचा, "साहेबांची सही आना." साहेब म्हणायचे, परीक्षा जवळ आलीय. बारा महिने यांची परीक्षा जवळच! तरी आम्ही वाजवायला लागलो की पोरं तास बुडवून यायची आणि सायकलींच्या कॅरिअरवर बसून ऐकायची.

शेवटच्या वर्षी गॅदरिंगसाठी आम्ही स्वतःची चाल बांधली. दोन महिने खपलो. पाहुणे आले तीन तास उशिरा. मग हार, मग भाषणं, एक बसला की दुसरा उठायचा. आम्ही पडद्याआड उभे, ढोलकी कमरेला बांधून. शेवटी निवेदकानं जाहीर केलं, वेळेअभावी पुढचा कार्यक्रम रद्द. झालं! गिटारवाला तिथंच रडला. मी रडलो नाही, मी खुर्ची फोडली. दुसऱ्या दिवशी वडिलांना श्रीगोंद्याहून बोलावून घेतलं आणि प्राचार्यांनी त्यांना माझे गुण ऐकवले. आमची चाल मात्र कुणी ऐकली नाही.

आमच्या मागून कॅसेट आली, मग सीडी, आता पेनड्राइव्ह. पोरं ट्रॅक लावून गातात. वाद्यांच्या कपाटात जुने फ्लेक्स कोंबलेत, ते मी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकं तापलं.

सांस्कृतिक विभागाचे सर तरुण होते, भले वाटले. त्यांनी एका मुलीला पुढं आणलं. दुसऱ्या वर्षाची, अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची, वडिलांच्या भजनी मंडळात ढोलकी शिकलेली. दोघी मैत्रिणी गाणार आणि ही वाजवणार.

"सर, लई मागं लागून पाच मिनिटं मिळवलीत," ती म्हणाली. "आज नीट झालं तर पुढच्या वर्षीपासून लाइव्हची टीम ठेवनार हायेत. न्हाईतर ट्रॅकच. तुमचं झालं की लगेच आमी."

मी तिची ढोलकी हातात घेतली. जरा उतरली होती, म्हणून कड्या सरकवून चढवून दिली. थाप मारून बघितली. काय बोलली म्हणून सांगू! "वाजव बिनधास्त," मी म्हणालो, "पहिल्या रांगेत बसून ऐकतो."

कार्यक्रमाचा एक तास सत्कारांनीच खाल्ला. मला माईक मिळाला तेव्हाच मी पेटलेलो होतो. सुरुवात नीट केली. वाद्य घरूनच जुळवून न्या, माईक आधी तपासून घ्या, गाणारा श्वास कुठं घेतो तिकडं कान ठेवा. ‘प्रसिद्धी मिळेल’ म्हणणाऱ्याकडं फुकट वाजवू नका. पोरं लिहून घेत होती. मग खुर्चीची गोष्ट निघाली. हॉल हसायला लागला, मला चेव चढला. सायकल स्टँड काढला, साहेबांची सही काढली, फ्लेक्सचं कपाट काढलं. एवढ्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडत होतं आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात शिपायानं पुढ्यात चिठ्ठी ठेवली. ‘कृपया आवरतं घ्या.’

माझं टाळकंच सरकलं. मी ती चिठ्ठी माईकवर वाचून दाखवली. "बघा! तेव्हाही आम्हाला आवरा म्हणाले, आजही म्हणतात. आज हा कलाकार आवरणार नाही!" आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडली. टाळ्या, शिट्ट्या. पुढं आणखी वीस मिनिटं बोललो.

बसलो, तर निवेदिकेनं थेट राष्ट्रगीतच पुकारलं. पेनड्राइव्हवरचं. ते संपताच मी सरांचं कोपर धरलं.

"अहो, त्या पोरींचं गाणं कुठंय? लाज वाटत नाही का तुम्हा लोकांना?"

"हॉल चारपर्यंतच होता, सर." त्यांनी दाराकडं बोट दाखवलं. दुसऱ्या विभागाची पोरं खुर्च्या घेऊन आत शिरायला लागली होती. "चिठ्ठी आली होती ना तुम्हाला."

"तुम्ही पाठवलीत ती?"

"मी कशाला? पाहुण्यांना आवरा म्हणायची माझी काय टाप आहे? त्या ढोलकीवाल्या मुलीनं पाठवली."

मुलगी व्हरांड्यात ढोलकीला चादर गुंडाळत होती. मैत्रिणी निघून गेल्या होत्या. मी म्हणालो, "सोड ती चादर. इथंच वाजव, मी ऐकतो. प्राचार्यांनाही ओढून आणतो."

"नको सर. अकोल्याची गाडी जाईल."

"अगं, मग चिठ्ठीत लिहायचंस की, आमचं गाणं राहिलंय म्हणून!"

"दुसऱ्या चिठ्ठीत लिवनार हुते. पर तुमी चिडलात, मग दुसरी न्हाई पाठवली."

मी गळ्यात हार, खांद्यावर शाल घेऊन तसाच उभा. तिनं गाठ मारली, ढोलकी काखेत घेतली आणि वाकून माझ्या पाया पडली.

"लई भारी बोललात, सर," ती म्हणाली. "कलाकारांच्या बाजूनं कुनीतरी बोललं."

आणि हे ती मनापासून म्हणत होती. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं.