संप कशासाठी होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, एवढंच ना? हो, एवढंच. म्हणूनच सांगायचं राहून गेलं.

निजामी गेली त्या साली मी सेनगावच्या शाळेत नवा मास्तर होतो. त्याच शाळेत शिकलेला. जिकडेतिकडे सत्कार चालले होते. वसमतच्या पोरांनी काय केलं, हिंगोलीच्या पोरांनी काय केलं — आणि आमच्या शाळेनं? झेंडा सोडा, साधी घोषणासुद्धा कुणी दिली नव्हती. हेडमास्तरांना ते फार लागलं होतं. शाळेच्या लढ्याचा इतिहास लिहायचं काम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं.

लढा झालाच नव्हता, असंही नाही. मी शिकत असताना एक संप झाला होता. महारवाड्यातल्या पाच पोरांनी केला होता. त्यांनी शाळेच्या रांजणाला हात लावायचा नाही, असा रिवाज होता. मधल्या सुट्टीत वरच्या जातीतल्या एका पोरानं तांब्या घ्यायचा आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचं. ते काम माझ्याकडे होतं. खेळायला जायची घाई असली की मी ओतत नसे — मग ती पोरं तशीच तहानलेली राहत. एक दिवस ती लिंबाखाली जाऊन बसली. आपल्या हातानं पाणी घेऊ, नाहीतर वर्गात येणार नाही. शाळेनं त्यांची नावं काढून टाकली. पाचांपैकी एकही पुन्हा कधी शाळेत आला नाही.

त्यांचा म्होरक्या संभा. त्याला शोधत मी वसमतला गेलो. तो एका अडत्याकडे हळदीची पोती उचलत होता. हात, कपडे, पापण्या — सगळं पिवळं. त्याला माझा राग यायला हवा होता, नाही का? दुपारच्या सुट्टीत त्यानं हातातली भाकर बाजूला ठेवून मला सगळं सांगितलं. कोण रडलं, कुणाचा बाप माफी मागायला निघाला होता, सगळं. उठताना म्हणाला, ‘‘मास्तर, तुमचं नाव नका घालू, काई हरकत न्हाई. पण आमी काहून बसलो, ते बराबर लिवा.’’ मी हो म्हणालो.

आणि लिहिलं काय? निजामाच्या जुलमाविरुद्ध पाच विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला, असं लिहिलं. रांजण नाही, तांब्या नाही, मी नाही. भीती होती का? होती — गावातल्या मोठ्या घरांची. पण खरं सांगू? लिहिताना मजाही येत होती. भाषा झकास उतरत होती. सत्काराला संभाला हार घातला. मी वाचत होतो, लोक टाळ्या वाजवत होते. तो माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘‘मास्तर, हे कवा झालं?’’ मी ऐकू न आल्यासारखं केलं.

इथवरचं सांगताना मला फारसं जड गेलं नाही. जड पुढचं आहे.

तो मजकूर मी चौथीला पाठ करायला दिला. संभाची धाकटी बहीण सगुणा त्या वर्गात होती. ती उभी राहिली. ‘‘गुरुजी, असं न्हाई. दादा पाण्यासाठी बसला व्हता. आमच्या घरी समद्यांना ठावं हाय.’’

घरी ठाऊक होतं. आता ते तेवढ्या एकाच ठिकाणी शिल्लक होतं — आणि हे मला कळत होतं. कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. मी म्हणालो, ‘‘चूक. खाली बस.’’ पोरं हसली. ती बसली.

पुढच्या आठवड्यात पाठांतर घेतलं. सगुणानं हाताची घडी घालून, मी लिहिलं होतं तसंच्या तसं, एक शब्द न गाळता म्हणून दाखवलं. कुठे अडखळली नाही. मी तिला शाबासकी दिली आणि पुढच्या मुलाला उभं केलं.