आयुधपूजेला गाडी तिनावर आली

मी फौजेत गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार जाधव, वर्कशॉप कंपनी. लोक विचारतात, किती गोळ्या झाडल्या? मी सांगतो, झाडल्या तेवढ्या रेंजवर. बाकी नोकरी बॉनेटखाली डोकं घालून गेली आणि मला त्याची काडीचीही खंत नाही.

त्या वर्षी पोस्टिंग उत्तरेला, बर्फाच्या तोंडावर होती. दसऱ्याला मी आणि लान्स नायक शिवण्णा एकदमच रजेवर आलो. मी म्हैसूरचा, तो तासाभरावरच्या बन्नूरचा. कंपनीतला सगळ्यात चांगला ड्रायव्हर आणि सगळ्यात वाईट गाणारा. त्याची बायको माहेरी, बन्नूरातच, बाळंतपणाला टेकलेली. पण पोर हट्टी, रजा संपत आली तरी यायचं नाव घेईना. बर्फानं रस्ता बंद व्हायच्या आत रसद वर चढवायची होती, त्यामुळे रजा वाढणार नव्हती. आयुधपूजेच्या संध्याकाळी सहाला आमची परतीची रेल्वे. पूजेच्या दिवशी बसचा भरवसा नाही म्हणून शिवण्णा आदल्या दिवशीच ट्रंक घेऊन माझ्या घरी येऊन बसला होता. जेवेना, बोलेना, गाईना. गात नव्हता तेवढंच बरं.

दुपारी अडीचच्या सुमारास समोरच्या मेडिकलवाल्यानं हाक मारली. बन्नूरहून फोन होता. मुलगी झाली, आई आणि बाळ दोघी ठीक.

"उस्ताद," शिवण्णा म्हणाला, आणि मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर धरलं.

माझ्या काकांची टॅक्सी दारातच होती. सकाळी धुऊन, झेंडूच्या माळा घालून, केळीचे खुंट बांधून नवरीसारखी सजवलेली. काकूनं चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. "काढ गाडी लिंबांवरून. आणि बेगा या, उशीर करून रेल्वे चुकवू नका," ती म्हणाली. स्टिअरिंग शिवण्णाकडे, मी बाजूला.

वाटेतलं वरुणा गाव जवळ आलं आणि गाडीनं मान टाकली. धक्के, थरथर, पिकअप नाही. सायलेन्सरचा ताल ऐकताच कळलं, चारांतला एक सिलिंडर मेलाय. गाडी तिनावर आली.

"तिनावरच नेऊ, उस्ताद."

"जाशील. परत कसा येशील? सहाची रेल्वे कोण पकडेल?"

रेल्वे चुकली तर रजेपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका, आणि वर चढणाऱ्या कॉन्वॉयला एक ड्रायव्हर कमी. मी सीनियर होतो, ठरवणं माझ्याकडे होतं. "पंधरा मिनिटं. नाही जमलं तर गाडी मागं वळवायची." तो नुसता "सरी", म्हणजे बरं, म्हणाला. त्याचा चेहरा मी मुद्दाम पाहिला नाही.

डिकी उघडली. हत्यारांची पेटी रिकामी. पाने, पक्कड, प्लगपाना, सगळं घरी देवापुढं पाटावर मांडलेलं, हळदीकुंकू वाहिलेलं! आयुधपूजा ना. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. काका शिस्तीचा माणूस, एक स्क्रूड्रायव्हरसुद्धा मागं ठेवला नव्हता.

आता हातांनी काय होईल ते. सकाळी भावानं पाइप लावून इंजिनसुद्धा धुतलं होतं, तेव्हा पाणी शिरलं असणार म्हणून मी डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढून आतून पुसली. त्याच्या क्लिपा हातानं निघतात.

"स्टार्ट."

"स्टार्ट, ओके."

तीच थरथर. पाच मिनिटं फुकट गेली.

मग रीतसर कामाला लागलो. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका प्लगची वायर उपसून बघायची. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी खाली बसतं. मेलेल्याची काढली तर त्याला काही फरक पडत नाही. कोरडा पंचा हाताला गुंडाळला. पहिली काढली, इंजिन बसलं. दुसरी, बसलं. तिसरी काढली, इंजिनाला पत्ताच नाही.

वायर परत लावली, पंचा उलगडून डोक्यावरून ओढला, खाली अंधार केला आणि बघितलं. तिसऱ्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर पळत होती. करंट आत जायच्या ऐवजी इंजिनाच्या लोखंडात मुरत होता. कारण त्या पांढऱ्यावर ओल्या कुंकवाचा लपका बसला होता.

काकू! काकांनी कधीतरी तिला सांगितलं होतं, या चार प्लगांत गाडीचा जीव असतो. बाईनं चौघांची पूजा केली होती. तिघांना टिकली एवढं, आणि वाटीत उरलेलं सगळं तिसऱ्याला. मला इतकं हसू आलं की बॉनेटवर डोकं आपटलं.

"बंद कर. पुसतो आणि निघू."

शिवण्णा खाली उतरला. कुंकू पाहिलं आणि माझा हात धरला. "उस्ताद, आज ते पुसू नका. तिकडं बायको आहे."

फौजेतल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. माझा स्वभाव तापट, एरवी दोन शिव्या घातल्या असत्या. त्या वेळी घालवेनात.

"पुसत नाही रे. लावतो." इंजिन थांबलं होतं. प्लगवरचं कुंकू बोटावर घेतलं आणि त्याच्या कपाळाला लावलं. राहिलेलं माझ्या. ओल उरली ती पंच्यानं टिपली, वायर दाबून बसवली.

"स्टार्ट."

चारी बोलले. गाडी अशी सुटली की केळीचा एक खुंट वरुणातच राहिला. आणि शिवण्णा गायला लागला. बन्नूरपर्यंत गात होता आणि मी पहिल्यांदा त्याला गप्प बस म्हटलं नाही.

सासूनं पाय धुवायला लावले, मगच आत सोडलं. बायको थकून झोपली होती. थोड्या वेळानं तो दुपट्यातलं गाठोडं घेऊन ओसरीवर आला, माझ्यासमोर टाचा जुळवून सावधान उभा राहिला. "रिपोर्ट, उस्ताद. रिक्रूट एक. वजन कमी, आवाज फुल." मीही सावधान झालो. पोरीनं जांभई दिली. सासू तोंडाला पदर लावून हसत होती. निघायची वेळ झाली तरी तो पोरीला खाली ठेवेना, शेवटी ऑर्डर द्यावी लागली.

रेल्वे मिळाली.

त्याच वर्षी, रस्ता बंद व्हायच्या आत, वर चढताना दरड आली. कॉन्वॉयमध्ये शिवण्णाची गाडी पहिली होती. वरून दगड सुटताना त्याला दिसले. त्यानं हॉर्न दाबला, आणि दाबूनच धरला. मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या, सगळे वाचले. तो नाही. गाडी बाहेर काढायला गेलेल्या पार्टीत मी होतो.

मुलीचं नाव कावेरी. बँकेत आहे, स्वतः गाडी चालवते, आणि बापासारखंच बेसूर गाते. बाप आणि ती एकत्र असलेला फोटो नाही. आईला त्या दिवसाचं धड आठवत नाही आणि आजी आता राहिली नाही. म्हणून दर खेपेला मलाच विचारते, "काका, अप्पांनी मला खरंच बघितलं होतं?"

मी सांगतो, बघितलं. जांभई देताना बघितलं. पुढं तीन दिवस रेल्वेत भेटेल त्या प्रत्येकाला तो ती जांभई करून दाखवत होता.