वर्गातल्या चादरी

ज्या दिवशी आम्ही वर्गाच्या भिंतींवर चादरी टांगल्या, त्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिलं.

माझे यजमान आणि मी भवानी पेठेतल्या एकाच शाळेत शिकवत होतो. पाचवीचा वर्ग त्यांचा. खिडकीपलीकडे यंत्रमागांचा कारखाना होता. खिडकी लावली तरी खटखट आत यायची आणि यजमानांचा आवाज मोकळ्या भिंतींवर आदळून घुमायचा.

ती मुलगी मागवाल्यांच्या घरातली; वडील त्याच कारखान्यात माग चालवायचे. तोंडी गणिताला मान हलवायची, उत्तर द्यायची नाही. एक दिवस तिची आई शाळेत आली.

"सर, हिच्या डोक्यात काय शिरत न्हाय. दिवाळीनंतर माझ्यासंगं विड्या वळायला बसवते."

"दिवाळीपर्यंत मला बघू द्या," ते म्हणाले.

तिच्या वडिलांना भेटायला आम्ही दोघं कारखान्यात गेलो. तिथे कुणी ओरडत नव्हतं. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत होती. कळलं नाही तरी मान हलवायची, कामाला लागायचं. "परत सांग" म्हणायची रीतच नाही. यजमानांनी माझा हात घट्ट धरला.

"अगं, ती माझं तोंड बघते! आणि मी फळ्याकडे वळून गणित सांगतो!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी हातगाडीवाले लावतात तसला भोंगा आणला.

"सर, भाजीवाले वाटायलात की!" पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला. वर्ग हसला. पण मागे नुसता गोंगाट पोचला.

तेव्हा मला त्या भेटीत पाहिलेलं कारखान्याचं गोदाम आठवलं. तिथे चादरींच्या थप्प्यांमध्ये आम्ही हळू बोललो तरी स्पष्ट ऐकू येत होतं. मी हे सांगितलं आणि यजमान चहा तसाच ठेवून उठले.

मुलीच्या वडिलांनी विणीत चूक राहिलेल्या चादरी दिल्या. तिची आई टांगायला आली. खिडकीवर दुहेरी चादर लावली. भोंगा मागच्या भिंतीला लावून त्याचा आवाज बारीक केला. वर्गात एकदम शांत वाटलं. आपलाच श्वास ऐकू यावा इतकं.

यजमान मुद्दाम फळ्याकडे वळले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बावन्न आणि एकोणचाळीस?"

"एक्क्याण्णव!"

मागच्या बाकावरून. पुढची सगळी डोकी वळली.

"आगं, तुला बोलता येतंय व्हय!"

"तुला गणित येत न्हाय, ते बघ आदी!" ती म्हणाली.

यजमान वळलेच नाहीत. दुसरं गणित, तिसरं, चौथं. दर वेळी तिचाच आवाज आधी. माझ्या हातातली सुतळी खाली पडली. दारात तिची आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"म्हंजे विड्या मला एकटीलाच वळाव्या लागणार की!" ती म्हणाली आणि हसत सुटली.

यंदा उन्हाळ्यात यजमान गेले. ती मुलगी आता आठवीत आहे. पाचवीचा वर्ग माझ्याकडे आहे. चादरी भिंतींवर आहेत, आणि मी फळ्याकडे वळून बोलले तरी मागच्या बाकावर ऐकू जातं.