खालचं पाणी

मालिपुओ नदीला नदी म्हणत नसे. मोहोकारे नदीच्या काठच्या त्या गावात सून होऊन आली त्या दिवसापासून तो शब्द तिच्या तोंडातून कायमचा गेला. सासऱ्याचं नाव नोका, आणि लेसोथोच्या भाषेत नोका म्हणजेच नदी. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग तो दारात बसलेला असो की गोठ्याच्या भिंतीशी पुरलेला असो. म्हणून नदी म्हणजे खालचं पाणी. धुणं खालच्या पाण्यावर. वासरू गेलं ते खालच्या पाण्यात. आणि नवरा, लेफा, खालच्या पाण्यापलीकडे, दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत.

तिचं स्वतःचं नाव मात्र सासूनेच ठेवलेलं. लग्नाच्या दिवशी तिच्या खांद्यावर घोंगडं टाकताना सासू म्हणाली होती, "आजपासून तू मालिपुओ." लिपुओची आई. लिपुओ म्हणजे बोलणी. मुलगी पोटात यायच्या आधीच तिचं नाव आईला चिकटलं. बोलण्यांची आई, आणि तोंडाला कुलूप.

लेफा आधी दर नाताळला यायचा. मग एका नाताळला फक्त साखरेचं पोतं आलं, माणूस आला नाही. मग पोतंही नाही. मग फोन लागेनासा झाला. सासूची, मालेफाची, दृष्टी याच काळात गेली. ती भिंतीला टेकून उन्हात बसायची आणि म्हणायची, "खाण धरून ठेवते गं माणसाला. पण सोडते. त्याच्या बापालाही सोडलं होतं."

शेजारणीने सुचवलं, "कोर्टात जा. पोटगीचा हुकूम निघाला की तो तिकडच्या कोर्टाकडे पाठवतात, तिकडे पगारातून कापतात. कागद पुलावरून सरळ जातो बघ, त्याला पासपोर्ट लागत नाही."

जिल्ह्याच्या कोर्टात खिडकीपलीकडे एक तरुण कारकून मुलगी बसली होती.

"नवऱ्याचं नाव?"

"लिपुओचे वडील."

"अहो म्मे," मुलगी आईला म्हणावं तसं म्हणाली, "जगातले सगळे पुरुष कुणाचे तरी वडील असतात. काहींना ते ठाऊक नसतं, एवढंच. नाव सांगा."

"लेफा," ती हळू आवाजात म्हणाली.

"आडनाव?"

इथे सासऱ्याचं नाव आडवं आलं. खाणीत उतरणाऱ्याला विचारतात, बापाचं नाव काय, आणि तेच त्याचं आडनाव होऊन बसतं. तिकडे तो लेफा नोका होता. हे तिला माहीत होतं. पण ओठांवर आलं ते कुळाचं नाव.

"आम्ही मगरीच्या कुळातले."

"म्हणजे मोकोएना. असं सरळ सांगायचं ना."

खोटं नव्हतं ते. अर्ध्या गावाचं आडनाव विचाराल तर तेच येईल. गावप्रमुखाच्या चिठ्ठीतही तेच होतं. जन्मसाल तिने अंदाजाने सांगितलं. लेफा मोकोएना. हुकूम पूल ओलांडून गेला.

आणि काही महिन्यांनी पैसे आले.

मालेफाने नोटा हातात घेतल्या, बोटांनी चाचपल्या, नाकाशी नेल्या. "बघ! मी म्हटलं नव्हतं? आठवण आहे त्याला." त्या दिवसापासून म्हातारी भरभरून बोलायला लागली. मक्याच्या पिठाची घट्ट पापा शिजवली की म्हणायची, "आज लेफाच्या पिठाला चव आहे." लिपुओच्या पायात शाळेचे बूट आले तर म्हातारीने ते मांडीवर घेऊन दोरीची सगळी भोकं चाचपली. "बापाने घेतलेत. जपून चाल." मालिपुओला ठाऊक होतं की हे आठवणीचे पैसे नव्हेत, कापून घेतलेले आहेत. पण कापले जातात म्हणजे पगार आहे, पगार आहे म्हणजे हात आहेत, छाती आहे, श्वास आहे. तीही गप्प राहिली. दोघी एकाच उबेला बसल्या होत्या.

मग एक दिवस पलीकडून एक बाई आली. टॅक्सीतून उतरली, उंच टाचांच्या बुटांनी दगडगोटे चुकवत चढ चढली आणि अंगणात उभी राहून म्हणाली, "मालिपुओ कोण? माझ्या नवऱ्याचा पगार खाते ती?"

"मीच," मालिपुओ म्हणाली. "आणि खात नाही, शिजवते. बस."

"बसायला नाही आले! मी दिसेबो. लेफा मोकोएनाची बायको, चर्चमध्ये लग्न लागलेली. नोटीस आली तेव्हा हसला होता तो. म्हणाला, मी त्या डोंगरात कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. टाकून दिली नोटीस. आता दर महिन्याला पगार अर्धा येतो आणि तो शपथा खातो. घरात ताटं आपटतात. माझी पोरं मला विचारतात, डोंगरातली आई कोण? तूच सांग मला, कधी आला होता तो इथे?"

भिंतीशी म्हातारी हलली. तिचा चेहरा उजळला होता.

"कोण आलंय? लेफाची तिकडची बायको? अगं, उभी का? ये, सूनबाई, ये. पुरुष खाणीत गेला की दुसरी चूल मांडतोच, मी काही रागावणार नाही. एवढं सांग, खोकतो का गं तो अजून? रात्री पाठ चोळून द्यावी लागते त्याची."

भांडायला आलेल्या दिसेबोला असं कुणी घरात घेतलं नव्हतं. तिने मालिपुओकडे पाहिलं, मग मुकाट्याने फोन पुढे केला. फोटोत एक गुटगुटीत माणूस होता, कडेवर पोर घेतलेला, मोठे कान, हसरा. मालिपुओ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. अनोळखी होता. त्याने तिच्या मुलीला बूट घेतले होते.

"हा नव्हे," ती कुजबुजली.

दिसेबो मटकन खाली बसली आणि हसू लागली. मग त्या हसण्याचं रडू झालं. तिला तिचा नवरा परत मिळाला होता. थोड्या वेळाने डोळे पुसून तीही हळूच म्हणाली, "मग तुझा कुठाय?"

मालिपुओने ठाऊक नाही अशी मान हलवली.

"कोर्टात सांगशील ना, आउसी, बहिणी? माझ्या पोरांसाठी?"

"सांगेन."

दिसेबो उतार उतरून गेली. म्हातारी म्हणाली, "जेवून नाही गेली? काय म्हणाली खोकल्याचं?"

"थांबलाय म्हणाली."

"चांगलं झालं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसली.

मालिपुओ कोर्टात गेली. तीच मुलगी, तीच खिडकी. मागे रांग. हे पैसे दुसऱ्याचे, ती म्हणाली, थांबवा.

"थांबवू. पण मग खरा माणूस कोण? आडनाव सांगा."

तिने घोंगड्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"म्मे, तुमच्या मागे लोक उभे आहेत."

"आपल्यामध्ये आणि त्यांच्यामध्ये जे आहे ना, ते."

"कुंपण?"

"नाही."

"पूल? सरहद्द? कस्टमवाले?"

रांगेत हशा पिकला. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, सुनेला सासऱ्याचं नाव विचारतेस? तुझं लग्न व्हायचंय वाटतं!"

मुलीची लेखणी थांबली. तिला आता कळलं, मागच्या वेळीही काय झालं होतं ते. "नोका?" तिने हळूच विचारलं.

मालिपुओने घोंगडं तोंडावर ओढलं आणि मान झुकवली.

"मान झुकवून नाही चालत, म्मे. मागच्या वेळी मी अंदाजाने लिहिलं. आता मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर बोलायचं. तुमच्या तोंडाने."

मॅजिस्ट्रेटच्या खोलीत तिच्या डोळ्यांपुढे आधी सासरा आला, जिवंत असतानाचा: कुबडीवर हनुवटी टेकून बसलेला, सून जवळून गेली की नजर वळवणारा. त्यानेही तिचा मान राखला होता. मग दिसेबोचे टाचांचे बूट दिसले. तिने घोंगडं खाली केलं. "लेफा नोका," ती म्हणाली. काहीच झालं नाही. छत तसंच राहिलं. कुणीतरी ते टाइप केलं.

पैसे थांबले. म्हातारी आधी विचारायची, मग विचारीनाशी झाली. लिपुओचे बूट पायाला लहान झाले.

उत्तर आलं तेव्हा मोहोकारेचे काठ गोठले होते. कारकून मुलीने तिला खिडकीशी उभं न ठेवता आत बोलावून बसवलं. खाणीने लेफा नोकाला केव्हाच कामावरून काढलं होतं. पुढचा पत्ता नाही.

"म्हणजे कुठे गेला?"

मुलीने दाराकडे पाहिलं. "काढलेली माणसं बंद पडलेल्या खाणींत चोरून उतरतात, असं म्हणतात. काही वर येतात. आमचा हुकूम पुलापलीकडे जातो, म्मे. खाली उतरत नाही."

मालिपुओ टॅक्सीच्या थांब्यावरून घरी गेली नाही. गावाखाली उतरली. घोंगड्याच्या टोकात हात गुंडाळून काठावरचा बर्फ फोडला, सकाळी धुण्याच्या वेळी तिथेच ठेवलेली घरची बादली भरली आणि डोक्यावर घेऊन चढ चढली. वाटेत थांबली नाही.

मालेफा भिंतीशी होती. पावलं ऐकून तिने विचारलं, "पाणी आणलंस? नळ तर कोरडा आहे म्हणे. कुठून?"

"नोकेवरून," मालिपुओ म्हणाली.

म्हातारीचा गुडघ्यावरचा हात थबकला. मालिपुओ शिवीची वाट बघत उभी राहिली. तिला शिवी हवी होती. ज्या घरात अजून कुणी परत यायचं असतं, त्या घरात सासऱ्याचं नाव घेणाऱ्या सुनेला माहेरी हाकलतात. म्हातारीने आंधळ्या डोळ्यांचा चेहरा उतारावरून खाली, पाण्याचा आवाज येत होता तिकडे वळवला.

"गार असेल," ती म्हणाली. "चुलीजवळ ठेव."