चार वेच्यांची वाटणी

आमच्या घटस्फोटाची बैठक नाचणगावच्या पुढं, सासरच्या घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसली, तेव्हा कोर्टाचा अर्ज अजून वकिलाच्या पिशवीतच होता. आधी घरच्या घरी देणंघेणं निस्तरायचं, मग कोर्टाची पायरी चढायची, असं दोन्हीकडच्या मोठ्यांचं ठरलं. मीही हाओ म्हटलं. खरं सांगते, त्या सकाळी मला रडूबिडू काही येत नव्हतं. अंगात नुसतं वारं भरलं होतं. लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा हुरूप नव्हता मला. आंदणाची भांडी परत आणायला बाबांनी भाड्याचा टेम्पो केला होता, आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून वर्ध्यापासून सारा रस्ता आपलं भाषण पाठ करत होते. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना?

भाषण होतं कागदांबद्दल. ते कागद काय, हे आधी सांगायला पाहिजे.

मी वर्ध्याच्या किराणा दुकानदाराची मुलगी, तो कापूसवाल्या शेतकऱ्याचा इंजिनियर मुलगा. नव्वदच्या दशकात लग्न झालं आणि आम्ही पुण्याला गेलो. दोन वर्षं बरी चालली. मग एके दिवशी संध्याकाळी पोहे खाता खाता त्यानं सांगितलं, मी चांगली नोकरी सोडून राह्यलो. एक नवी कम्प्युटरची कंपनी निघाली होती, तिच्यात जाणार. पगार निम्मा. उरलेल्याच्या बदल्यात कंपनी शेअर देणार होती. म्हणजे शेअरही नाही, पुढं कधीतरी आजच्याच भावानं शेअर घ्यायचा हक्क. तो हक्कही एकदम हातात येणार नव्हता. दरवर्षी पाव हिस्सा, चार वर्षं टिकलास तर पूर्ण. भाव चढला तर चांदी, पडला तर ठणठण गोपाळ.

मी विचारलं, मग निम्म्या पगारात भाडं, गॅस, स्कूटरचा हप्ता कसा भागायचा? तो नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करत होते आणि माझा पगार बरा होता.

असा माझा पगार त्या कंपनीत लागला. कोणी मला जबरदस्ती केली नाही, बरं का. मलाच त्याच्यापेक्षा जास्त चेव चढला होता. रोज रात्री जेवताना विचारायचे, आज भाव कितीवर? दिवाळीला साडी घेतली नाही, सणाला माहेरी आले नाही, घर माझ्या पगारावर ओढलं आणि त्याला छातीठोक सांगितलं, तू लढ, घराचं मी पाहते.

मग आमचं बिनसलं. मारझोड नाही, दारू नाही, दुसरी बाई नाही. त्यामुळं लोकांना काही समजेचना. एका छताखाली राहून दोघं आठवडा आठवडा बोलत नव्हतो, हे कारण आमच्याकडं कारण धरत नाहीत. त्या कंपनीच्या तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर मी सामान उचललं आणि वर्ध्याला परत आले. सावंगीला लॅबमध्येच काम मिळालं. दोन हजार साल उलटून गेलं होतं.

तर बैठक. छपरीत सतरंजी, एका बाजूला आमचे बाबा आणि माझे मामा, दुसऱ्या बाजूला मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि तो. मध्ये वकील, दोन्हीकडच्यांना चालतील असे शोधून आणलेले, वयस्कर, सोशिक. सासू आतल्या दाराशी बसलेली. मागच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला, वेचणीचे दिवसच होते, दुसरा वेचा नुकताच घरात आला होता, आणि साऱ्या घराला तो कोंदट उबदार वास.

दोन तास भांड्यांवर गेले. दोन तास! आंदणाच्या भांड्यांवर आमच्याकडं मुलीचं नाव घालतात. पण पाणी भरायच्या एका पितळेच्या गुंडावर नाव होतं मामाजींचं. माझे मामा म्हणाले, गुंड आम्ही दिला. मामाजी म्हणाले, मानाचा दिला होता, मान का वापस नेता का? मामांचा आवाज चढला, मामाजींची मान ताठ झाली, आणि त्या गुंडापायी आता दोन घरांत पिढ्यान्पिढ्या वैर पडते की काय असं वाटायला लागलं. मग कपाट. मग दिवाण. मी बसल्या जागी चुळबुळत होते. मनात भाषणाची उजळणी चाललेली.

शेवटी मीच म्हटलं, आणि कंपनीचे कागद?

तो पटकन म्हणाला की ते तर कागदच आहेत, भाव पडलेला आहे, अर्धे तर अजून हातातही आले नाहीत. मामा मला दबक्या आवाजात म्हणाले, सोड ते, कपाट आणि गुंड घेऊन मोकळी हो. आणि बाबा, ज्यांच्या भरवशावर मी आले होते, ते म्हणाले, कागद त्याचे त्याला लखलाभ. बाबांचाही दोष नाही. काही वर्षांआधी सागवानाची झाडं लावून दामदुप्पट देणारी कंपनी आली होती, तिच्यात त्यांनी हात पोळून घेतले होते. तेव्हापासून छापील कागद दिसला की ते घाबरत. हातात धरता येते ती वस्तू, बाकी सारी हवा. म्हणून माझ्याच बाजूची दोन माणसं एका पितळी भांड्यासाठी माझी अडीच वर्षं सोडायला निघाली होती.

माझं डोकंच भडकलं. मला श्रीमंत व्हायचं नव्हतं हो. पण त्या कागदांत माझा पगार गेला होता, आणि तो गेला हे चार माणसांसमोर कोणी तरी म्हणावं, एवढं मला पाहिजे होतं. नाहीतर मी त्या घरात राहून आले काय आणि धर्मशाळेत राहून आले काय, सारखंच.

मी उभी राहिले आणि भाषण सुरू केलं. कंपनीचा करार, दरवर्षीचा पाव हिस्सा, ठरलेला भाव, बाजारभाव. सारं पाठ होतं आणि सारं फुकट गेलं. मामाजी जांभई द्यायला लागले. वकील म्हणाले, बाई, आपल्या उभ्या वकिलीत असं प्रकरण आलं नाही. त्याच्या नावचा हक्क तुमच्या नावावर होत नाही एवढं मात्र नक्की. तो खाली मान घालून बसला होता. त्याला सारं समजत होतं, पण तो का बोलेल?

मग मला काय सुचलं कोण जाणे. मी सरळ मागच्या खोलीत गेले, मूठभर कापूस ओढला आणि मामाजींपुढं धरला. म्हटलं, मामाजी, एक सांगा. दोन भाऊ दिवाळीनंतर वेगळे निघाले आणि कपाशी उभी आहे, तर कापूस कोणाचा?

आता हा प्रश्न त्यांच्या घरचा. मामाजी सावरून बसले. गावात वाटण्या करून देण्यात त्यांचा हातखंडा, त्यांना बोलावणी यायची. ते खुलले. म्हणाले, एकत्र असताना जेवढी बोंडं फुटली तेवढ्या वेच्यांत दोघांचा अर्धा अर्धा. त्याच्यापुढं जो राखन त्याचा. आणि बी-खताले ज्याचा पैसा लागला त्याले तो पहिले भेटला पाहिजे.

माझ्या अंगावर काटाच आला आनंदानं. म्हटलं, बस्स! या कागदाचे चार वेचे आहेत, दरवर्षी एक. पहिले दोन मी घरात असताना फुटले, ते अर्धे माझे. तिसऱ्याच्या मध्यावर मी निघाले, त्यात जेवढे महिने राहिले तेवढ्याचा अर्धा. चौथा सारा त्याचा, त्याचं एक बोंडही नको मला. आणि बी-खत माझ्या पगाराचं होतं, ते मी सोडलं. जा.

मामा तोंड उघडं टाकून बघत होते. बाबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा दुकानदार जागा झाला. आणि तो, माझा होणारा माजी नवरा, चक्क हसला. म्हणाला, एवढं सोपं करून तर मलाही सांगता आलं नसतं. पुढच्याच क्षणी त्याला आठवलं की आपण विरुद्ध पार्टी आहोत, आणि तो म्हणाला, पण काम तर मी केलं.

मामाजींनीही हात आखडला. म्हणाले, भावाभावाची गोष्ट येगळी. बाईची येगळी.

तेव्हा आतल्या दारातून आवाज आला, "काऊन येगळी?"

सासू उठून बाहेर आली होती. पाच वर्षांत मी तिला बैठकीत बोलताना पाहिलं नव्हतं. माझ्यावर तिचा फार जीव होता असंही नाही. माझ्या नोकरीवरून तिनं मला कमी टोमणे मारले नव्हते. ती मुलाकडं बघून म्हणाली, "तू काम केलं, मान्य. पन दोन टाइम जेवून केलं ना? ते जेवन कोनाच्या पगाराचं होतं, सांग इथं साऱ्यायले."

त्यानं खाली बघत सतरंजीचा एक दोरा ओढला. मग म्हणाला, "हिच्याच पगाराचं होतं."

झालं! मला तेवढंच पाहिजे होतं, आणि ते असं सरळ, भर छपरीत, त्याच्या तोंडून आलं. डोळे भरून आले आणि त्याच वेळी नाचावंसं वाटत होतं. वकिलांनी कागद काढला. हक्क त्याच्याच नावावर राहणार, पण शेअर विकले की माझ्या वाट्याचे पैसे कर कापून मला द्यायचे, असं समजुतीच्या करारात लिहिलं. त्यानं सही केली, मी केली. मामाजींनी साक्षीदार म्हणून केली, जरा कुरकुरत.

त्यांचं पेन खाली ठेवून व्हायच्या आत सासू त्यांना म्हणाली, "मंग माह्या वेच्याचं काय?"

कोणाला काही समजलं नाही. मामा हसायला लागले आणि तिचं तोंड बघून थांबले. ती अगदी शांतपणे म्हणाली की लग्न होऊन आले तेव्हापासून दर साली मी वेचते, मजुरीही नाही घेतली, तर माहा अर्धा कवा काढता?

मामाजी म्हणाले, "तुले काय कमी आहे? सारं तुहंच त आहे."

"सारं माहंच असन, त अर्धं नावावर कराले काय जाते?"

मामाजी उठून पाणी प्यायला गेले. बैठक तिथंच मोडली. लोकांनी टेम्पोत भांडी भरायला घेतली.

पुढं भाव चढले. त्यानं शब्द पाळला, एक पैसा बुडवला नाही, आणि माझ्या वाट्यातून वर्ध्याजवळच्या पिपरीला मी दोन खोल्या घेतल्या. त्या खोल्यांत मी आजही राहते. शेत मात्र मामाजींच्याच नावावर राहिलं, आणि ते गेल्यावर मुलांच्या नावावर चढलं.

पण त्या दिवशी मला हे काहीच माहीत नव्हतं. मी जिंकलेली होते, हवेत होते. टेम्पोत चढणार, तेवढ्यात सासू आली. मी वाकून पाया पडले आणि खुशीत म्हणून गेले, आई, तुम्ही पण सोडू नका, मागत राहा, तुम्हालाही भेटेल.

तिनं माझा पदर नीट केला. म्हणाली, "तुले भेटलं, कारन तू निघून चालली. मले त इथंच राह्याचं आहे."